विज्ञानपटांतलं संस्कृत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानपट आणि संस्कृत, या दोन्हींचा नाद असलेल्या माणसाला तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वाकडे नंतर. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही चित्रपटांची गोष्ट मधेच फुटेल, त्याला इलाज नाही.

१. विज्ञानपटांत संस्कृत येतं म्हणजे नेमकं कुठे येतं?

सगळ्यात जास्त नावांत: पात्रांच्या, यानांच्या, कधी थेट चित्रपटाच्या. त्याखालोखाल पार्श्वसंगीतात, कोरसच्या तोंडी. संवादांत जवळजवळ नाहीच. कुणी परग्रहवासी समोर उभा राहून ‘अहं त्वां हन्मि’ म्हणतोय असं दृश्य मला तरी बघायला मिळालेलं नाही.

आलेला शब्द दरवेळी थेट संस्कृतातूनच उचललेला असतो असंही नाही. अवतार, कर्म, गुरू हे शब्द इंग्रजीत केव्हाच मुरले आहेत. काही शब्द बौद्ध मंत्रांबरोबर तिबेट-जपान फिरून आले, काही हिंदी, तमिळ, तेलुगूच्या दारातून. त्यामुळे ‘शब्द संस्कृत आहे का’ आणि ‘चित्रपटवाल्यांनी तो संस्कृत म्हणून घेतला का’ हे दोन प्रश्न आहेत. पुढची बरीच उत्तरं या दोघांची गल्लत सोडवण्यातच गेली आहेत.

२. ‘अवतार’ हा चित्रपट विष्णूच्या अवतारांवरून सुचलाय का?

शब्द तिथूनच आला. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार जाणे; मिळून खाली उतरणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला तो विष्णूच्या अवतारांसाठीच. १९८०च्या दशकात संगणकावरच्या खेळांनी त्याला दुसरा अर्थ दिला: खेळणाऱ्याच्या वतीने पडद्यावर वावरणारं बाहुलं. जेम्स कॅमेरॉन यांच्या २००९च्या चित्रपटात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. माणूस यंत्रात निजतो आणि त्याचं भान मुद्दाम वाढवलेल्या परक्या देहात उतरतं. चित्रपट येण्याआधीच्या एका मुलाखतीत कॅमेरॉन यांनी शब्दाचा अर्थ सांगताना हिंदू देव देह धारण करतात असंच सांगितलं होतं. निळ्या रंगाबद्दल बोलतानाही त्यांनी आपल्या देवांचा उल्लेख केला आहे.

कथा मात्र पुराणातली नाही. आणि आई ‘काय हा अवतार करून घेतलायस!’ म्हणते तो तिसरा अर्थ अजून कुठल्याच पटकथाकाराने वापरलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

३. मग त्यातली नावी भाषा संस्कृतवरून केली असणार?

नाही. ती पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाने रचली, आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच भाषेची लेक वाटू नये अशीच अट होती. २००९च्या चित्रपटात ऐकू येणाऱ्या नावीत ब, ड, ग हे ध्वनीच नाहीत. उलट घसा आवळून फटकन सोडलेले प, त, क आहेत, जे संस्कृतात नाहीत. म्हणजे या नावीला ‘अवतार’ म्हणता येईल, पण ‘गणेश’ म्हणताना पहिल्याच अक्षराला अडेल.

एक गंमत मात्र आहे. नावीत धातूच्या पोटात प्रत्यय घुसतो: ‘तारोन’ म्हणजे शिकार करणे, ‘तोलारोन’ म्हणजे शिकार केली. संस्कृत शिकलेल्यांना इथे रुधादि गण आठवतो. ‘भिद्’चं ‘भिनत्ति’ होतं तेव्हा ‘न’ असाच धातूच्या आत जाऊन बसतो. हे नातं नाही, योगायोग आहे. जगातल्या कितीतरी भाषा ही युक्ती वापरतात.

४. ‘स्टार वॉर्स’मधलं ‘ड्युएल ऑफ द फेट्स’ हे गाणं खरंच संस्कृतात आहे?

आहे, आणि नाहीही. सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये डार्थ मॉल या खलनायकाशी होणाऱ्या तलवारबाजीमागे हे कोरसगीत वाजतं. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी शब्दांसाठी एक जुनी वेल्श कविता घेतली, रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी इंग्रजीत आणलेली. तिच्यातल्या ओळीचा आशय असा: जिभेच्या मुळाशी एक भयंकर लढाई, आणि डोक्यात मागे दुसरी धुमसतेय. ही ओळ त्यांनी काही भाषांत करून पाहिली आणि संस्कृत निवडलं ते नादासाठी. मग अक्षरं चालीत बसतील तशी उचलली, फिरवली, पुन्हा पुन्हा लावली.

परिणाम तुम्ही ऐकलाच आहे: ‘कोरा माता, कोरा राताहमा’. मी पहिल्यांदा हेडफोन लावून, वही-पेन घेऊन बसलो होतो. विभक्ती शोधली, धातू शोधला, तासाभराने वही मिटली. मराठी कानाला ‘कोरा’ आणि ‘माता’ लगेच ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसगत होते, कारण इथे कुणाची आई नाही आणि काही कोरंही नाही. आपल्याकडे एका अक्षरासाठी ‘ध’चा ‘मा’ झाला. इथे अख्ख्या ओळीचा झाला आहे. मूळ संस्कृत, पण गायलं जातं ते वाक्य राहिलेलं नाही, असं म्हणणं सगळ्यात प्रामाणिक.

चूक म्हणाल तर तीही नाही. संगीतकाराला स्तोत्राचा भास हवा होता, स्तोत्र नको होतं. याच्या अगदी उलट उदाहरण प्रश्न ५मध्ये आहे.

५. ‘मेट्रिक्स’च्या शेवटी ‘असतो मा सद्गमय’ ऐकू येतं, की मला भास झाला?

भास नाही. २००३च्या ‘द मेट्रिक्स रेव्होल्यूशन्स’मध्ये निओ आणि स्मिथ भर पावसात शेवटचे भिडतात, तेव्हा डॉन डेव्हिस यांच्या संगीतात कोरस बृहदारण्यक उपनिषदातला (१.३.२८) मंत्र गातो: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्माऽमृतं गमय. श्रेयनामावलीच्या वेळी वाजणाऱ्या रचनेचं नाव ‘नवरस’ आहे आणि तिच्यातही हाच मंत्र आहे. इथे शब्द मोडलेले नाहीत, अर्थ शाबूत आहे आणि तो प्रसंगाला लागूही पडतो. खोट्या जगातून खऱ्या जगात ने, हीच तर त्या तीन चित्रपटांची गोष्ट.

बरेच जण विचारतात की ‘मा’ म्हणजे ‘नको’ ना, मग अर्थ उलटा होत नाही का? संस्कृतात दोन ‘मा’ आहेत. ‘मा भैः’मधला नकाराचा, आणि इथला ‘माम्’चा छोटा अवतार, म्हणजे ‘मला’. ‘गमय’ हे ‘ने, पोचव’ असं सांगणारं रूप असल्यामुळे इथे दुसराच बसतो.

आता एक गोष्ट जवळून बघा. याच चित्रपटात एक लहान मुलगी आहे, तिचं नाव सती. वडील रामकांद्र, आई कमला. ‘सती’ म्हटलं की आपल्याला दक्षकन्या आठवते, पण व्याकरणात हे ‘सत्’चंच स्त्रीलिंगी रूप, ‘असणारी’. आणि ‘असतो मा सद्गमय’मध्येही तोच ‘सत्’. ती मुलगी म्हणजे काही काम नेमून न दिलेला, पुसला जाण्याच्या बेतात असलेला प्रोग्रॅम. जिच्या असण्याचंच कारण यंत्रजगाला सापडत नाही, तिचं नाव ‘असणारी’! हे ठरवून केलंय की नाही, याने मला फारसा फरक पडत नाही. जुळलंय मात्र झकास. २०२१च्या भागात हीच सती मोठी होऊन येते, प्रियांका चोप्राच्या रूपात.

रामकांद्र हा अर्थातच रामचंद्र. रोमन लिपीतला ‘च’ वाटेत कुठेतरी ‘क’ झाला.

६. एका अंतराळमालिकेच्या सुरुवातीला गायत्री मंत्र होता. ती कुठली?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, २००३मध्ये नव्याने सुरू झालेली. शीर्षकसंगीत रिचर्ड गिब्ज यांचं. मंत्र ऋग्वेदातला (३.६२.१०) आणि शब्द ओळखता येतात. चित्रपट नसल्यामुळे इथे एवढंच.

७. संगीतकारांना संस्कृतच का लागतं? लॅटिन आहे की.

लॅटिन चर्चमध्ये वापरून वापरून ओळखीचं झालं आहे. पाश्चात्त्य प्रेक्षकाला संस्कृत प्राचीन वाटतं, पवित्र वाटतं आणि कळत नाही. विज्ञानपटाला तिन्ही गोष्टी सोयीच्या. शिवाय ‘आ’कारांची रेलचेल. कोरसला तोंड उघडून लांबवायला तेच हवं असतं. हा हिशेब आपल्याला थोडा टोचतो, कारण आपल्यापैकी अनेकांना त्यातलं निम्मंअर्धं कळतं.

८. ‘स्टार वॉर्स’मधला योडा म्हणजे ‘योद्धा’च ना?

‘युध्’ धातूपासून ‘योद्धृ’, त्याची प्रथमा ‘योद्धा’. कानाला जुळतं. पण हिब्रूत ‘योदेआ’ म्हणजे जाणणारा, आणि तेही तितकंच जुळतं. स्वभावाशी तर जास्तच. १९८०च्या चित्रपटात ल्यूक ‘मी एका थोर योद्ध्याला शोधतोय’ म्हणतो तेव्हा हा म्हातारा हसून उत्तर देतो की युद्धांनी कुणी थोर होत नाही. नुसतं कानावर जाऊन दोन्ही व्युत्पत्ती सारख्याच वजनाच्या ठरतात, म्हणून ‘योद्धा’ला मी बादरायण संबंधाच्या खात्यात ठेवतो. खात्रीच्या व्युत्पत्तीला काय लागतं ते प्रश्न १०मध्ये.

९. आणि त्याच चित्रपटांतली राणी पद्मे? ती तरी आपली आहे का?

ती आपली म्हणायला हरकत नाही. ‘पद्म’ म्हणजे कमळ, आणि ‘पद्मे’ हे रूप ‘ओं मणिपद्मे हूं’ या बौद्ध मंत्रामुळे जगभर पोचलेलं आहे. नावाच्या शेवटचा ‘ए’ गिळला जाऊ नये म्हणून रोमन लिपीत त्यावर मुद्दाम चिन्ह दिलं आहे.

मजा अशी की मूळ संस्कृतात हे रूप कर्त्याचं नाहीच. ‘पद्म’ची सप्तमी धरली तर अर्थ ‘कमळात’. ‘पद्मा’चं संबोधन धरलं तर ‘अगं पद्मा’. म्हणजे नाबू ग्रहाच्या राणीला दरबारात सगळे एक तर ‘कमळात’ म्हणून हाक मारतात, नाहीतर तिचं नाव घेणं हेच तिला हाक मारणं आहे. तिच्या आडनावात अमिताभ बुद्ध शोधणारेही भेटतात. तिथवर मी जात नाही.

१०. नाव खरंच संस्कृत आहे की नुसतं तसं वाटतं, हे ओळखायचं कसं?

मी तीन गोष्टी बघतो. पहिली, अर्थ पात्राला किंवा प्रसंगाला लागतो का. सती लागते. दुसरी, शेजारची नावं त्याच घरातली आहेत का. रामकांद्र, कमला, सती ही तिन्ही एका कुटुंबात आल्यावर शंकेला जागा राहत नाही. तिसरी, दुसरं साधं स्पष्टीकरण समोर आहे का. ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘टॅटुईन’ या ग्रहाच्या नावात कुणी ‘तत्त्व’ शोधलं तर शोधू द्या. ट्युनिशियात त्या चित्रपटांचं चित्रीकरण झालं आणि तिथे टाटाविन नावाचं गाव नकाशावर आहे. दोन अक्षरं जुळली की सुतावरून स्वर्ग गाठता येतो, आणि संस्कृतचा शब्दसंग्रह एवढा अवाढव्य आहे की सूत कधीच कमी पडत नाही.

११. परदेशी विज्ञानपटांत भारतीय पात्रांची नावं विचित्र का असतात?

कारण ती बऱ्याचदा दोन प्रांत जोडून केलेली असतात. ‘स्टार ट्रेक’मधला खलनायक खान नूनियन सिंग घ्या. ‘सिंग’ हा आपला सिंह, पण ‘खान’ मध्य आशियातला आणि ‘नूनियन’शी संस्कृतचा काडीचाही संबंध नाही. ‘द मार्शियन’च्या कादंबरीत वेंकट कपूर आहे: नाव दक्षिणेचं, आडनाव पंजाबी. २०१५च्या चित्रपटात तर वेंकटचा व्हिन्सेंट झाला.

चांगलं उदाहरण आर्थर क्लार्क यांचं. त्यांच्या पुस्तकात हाल या संगणकाला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव शिवसुब्रमण्यन चंद्रशेखरंपिळ्ळै आहे. नावाचं संस्कृत तमिळ वळणाने जातं, जसं ते खऱ्या माणसांत जातं. १९८४च्या चित्रपटात तो नुसता डॉक्टर चंद्रा उरला आणि भूमिका बॉब बालाबान यांनी केली.

१२. भारतीय विज्ञानपटांत तरी संस्कृत नीट वापरतात का?

वापरतात, आणि खेळकरपणे. रजनीकांत यांच्या २०१०च्या ‘एंदिरन’चं नावच ‘यंत्र’पासून आलेलं, शास्त्रज्ञ वसीगरन म्हणजे वशीकरणवाला. पुढच्या भागातला पक्षीराजन तर उघडाच. ‘रा.वन’ आणि ‘जी.वन’ ही इंग्रजी लघुरूपं म्हणून लिहिली, पण वाचली की रावण आणि जीवन.

माझा आवडता मात्र आरती कडव यांचा ‘कार्गो’. त्यात यानाचं नाव पुष्पक ६३४-ए आणि त्यावरचा कर्मचारी प्रहस्थ. रामायणात प्रहस्त हा रावणाचा सेनापती. चित्रपटात राक्षसच मेलेल्या माणसांची पुनर्जन्माची तयारी करून देतात, कंटाळवाण्या सरकारी नोकरीसारखी, त्यामुळे नाव चपखल बसतं. ‘प्रहस्त’ म्हणजे हात पुढे केलेला. दिवसभर दुसऱ्यांचं सामान उतरवून घेणाऱ्याला याहून चांगलं नाव कुठून आणणार?

२०२४च्या ‘कल्की २८९८ एडी’त प्रयोगशाळेतल्या गर्भवतीला नाव नाही, फक्त क्रमांक आहे: सम-८०. तो इंग्रजीत भरभर म्हणा. सम-एटी, सुमती. कल्की पुराणात कल्कीच्या आईचं नाव सुमतीच आहे.

१३. ‘प्रोमीथियस’मध्ये यंत्रमानव बोलतो ती भाषा संस्कृत आहे का?

नाही, पण आपल्याला चुलत्यासारखी वाटावी अशी आहे. २०१२च्या या चित्रपटात माणसं झोपलेली असताना डेव्हिड हा यंत्रमानव एकटाच भाषा शिकत बसतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या भाषेतून फुटल्या असं मानतात ती आदि-इंडो-युरोपीय भाषा. तिचं लिखित काहीच उरलेलं नाही. अभ्यासकांनी ती मागे जात जात रचली आहे. चित्रपटासाठी हे काम भाषाअभ्यासक अनिल बिल्टू यांनी केलं, आणि पडद्यावर डेव्हिडला शिकवणारे मास्तरही तेच.

डेव्हिड जो पाठ घोकतो तो श्लायखर या जर्मन पंडिताने १८६८मध्ये रचलेल्या गोष्टीचा. चित्रपटातले उच्चार निराळे आहेत, पण श्लायखरची मूळ सुरुवात देवनागरीत लिहून बघा:

अविस्, यस्मिन् वर्णा न आ अस्त, ददर्क अक्वम्स्, तम् वाघम् गरुम् वघन्तम्, तम् भारम् मघम्, तम् मनुम् आकु भरन्तम्.

आता हेच संस्कृताच्या वळणाने: अविः, यस्मिन् ऊर्णा न आसीत्, अश्वान् ददर्श, एक गुरू वाह वाहणारा, एक मोठा भार नेणारा, एक माणसाला आशु, म्हणजे झटकन, नेणारा. लोकर नसलेल्या मेंढीने घोडे पाहिले, एवढीच गोष्ट. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तर ‘यस्मिन्’पाशीच अडकलो होतो. इतकं साम्य दिसतं कारण श्लायखरच्या काळी आदिभाषा संस्कृतसारखीच असणार असं धरून चालायचे, म्हणून जिकडेतिकडे ‘अ’. पुढच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की जुने ए आणि ओ संस्कृतात ‘अ’मध्ये विरघळले होते. मग गोष्ट पुन्हा पुन्हा नव्याने लिहिली गेली आणि दर वेळी संस्कृतपासून थोडी दूर गेली.

१४. ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन भाषेत ‘ड’ आणि ‘ष’ ऐकू येतात. ते आपल्याकडून घेतले?

कान चांगला आहे तुमचा. मार्क ओक्रांड यांनी १९८४च्या चित्रपटासाठी ही भाषा नीट बांधली आणि तिच्यात जीभ वळवून काढलेला ‘ड’ आणि तसाच ‘ष’ खरोखर आहे. पण ‘ट’ नाही, ‘त’च्या जवळचा साधा ध्वनी आहे. आपल्या वर्णमालेत ट-ठ-ड-ढ-ण अशी रांग असते. ओक्रांड यांनी तीच मोडली, कारण भाषा माणसाची वाटू नये असा बेत होता. वाक्यातही आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. उसनवारी नाही, मुद्दाम केलेला आडमुठेपणा आहे.

१५. ‘ड्यून’मध्ये प्राण आणि बिंदू हे शब्द कसे आले?

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५च्या कादंबरीतून. त्यातल्या बेने गेसेरिट या पंथाच्या स्त्रिया ‘प्राण-बिंदू’ नावाचं शिक्षण घेतात: प्राण म्हणजे स्नायूंवरचा ताबा, बिंदू म्हणजे मज्जातंतूंवरचा. योगातले शब्द, अर्थ बदलून. त्या जगावर एकूण छाप अरबीची आहे, संस्कृत चिमूटभर.

१६. नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली, म्हणून चित्रपटवाले ती वापरतात ना?

दोन्ही अर्ध्यांना उत्तर ‘नाही’. १९८५मध्ये रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या काटेकोरपणे उलगडून सांगतात, ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अर्थजाळ्यांशी मिळतीजुळती आहे, असं त्याचं म्हणणं होतं. विचार सुंदर होता, पण तो एका माणसाचा लेख होता, संस्थेचा निकाल नव्हता. प्रोग्रॅम संस्कृतात लिहा असंही त्यात नाही. आणि चित्रपटांना संस्कृत हवं असतं ते कानासाठी. ते कारण प्रश्न ७मध्ये येऊन गेलं.

१७. मी स्वतः विज्ञानपट लिहितोय. ग्रहाला, यानाला संस्कृत नाव द्यायचं आहे. काय सांभाळू?

आधी शेवटचं अक्षर. रोमन लिपीतून परत येताना सूर्यचा ‘सूर्या’, कर्मचं ‘कर्मा’, रामचा ‘रामा’ होतो. ‘सूर्या’ ही वेदातली सूर्याची मुलगी आहे, आणि ‘रामा’ म्हणजे मराठीत कपाळाला हात लावून म्हणायचा शब्द. मग लिंग बघा, नाहीतर ‘ज्वाला’ नावाचा सेनापती होतो. विसर्ग लावून नाव भारदस्त होत नाही, फक्त दम लागतो. आणि नाव ठरलं की ते हाक मारून बघा, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, मोठ्याने. पद्मेचं काय झालं ते प्रश्न ९मध्ये आहेच.